दोन व्ही-टेन: कॅरेरा जीटी ठेवावी की एलएफए?

घाटवळण

गाड्यांच्या धाग्यांवर आपण बहुतेक वेळा अ‍ॅव्हरेज, सर्व्हिसिंग आणि विकताना काय येईल यावर बोलतो. आज वेगळा विषय काढतोय. पोर्शे कॅरेरा जीटी आणि लेक्सस एलएफए. संग्रह करणाऱ्याकडे यांपैकी एकाच गाडीला जागा असेल आणि ती पुढची वीस-पंचवीस वर्षं सांभाळायची असेल, तर कोणती घ्यावी?

हीच जोडी का, ते आधी सांगतो. दोन्हींत टर्बो नसलेलं दहा सिलिंडरचं (व्ही-टेन) इंजिन आहे. दोन्हींच्या सांगाड्यात कार्बन फायबर आहे. आणि दोन्ही नव्या कोऱ्या होत्या तेव्हा पैसेवाल्या गिऱ्हाइकांनी त्यांची म्हणावी तशी कदर केली नाही. आज त्याच गाड्यांसाठी लिलावात चढाओढ लागते.

कॅरेरा जीटी २००३ ते २००६ या काळात जर्मनीत लाइपझिगला बनली, एकूण १,२७०. इंजिन ५.७ लिटरचं, ताकद मिनिटाला ८,००० फेऱ्यांना (आरपीएम) ६१२ पीएस (अश्वशक्ती), वजन १,३८० किलो. सहा गिअर, तेही क्लच दाबून हातानेच टाकायचे. एलएफए डिसेंबर २०१० ते डिसेंबर २०१२ या दोन वर्षांत जपानमधल्या टोयोटा शहरात, मोतोमाची कारखान्यात बनली. फक्त ५००. इंजिन ४.८ लिटरचं, ताकद ८,७०० आरपीएमला ५६० पीएस, वजन १,४८० किलो, गिअर स्टिअरिंगमागच्या पॅडलने. कमाल वेग पोर्शेचा ताशी ३३० किलोमीटर आणि लेक्ससचा ३२५. कागदावर पोर्शे पुढे आहे, पण इतक्या फरकावर कोणी आयुष्यभराची गाडी निवडत नाही.

माझा कौल एलएफएला. पाचशेच आहेत म्हणून नव्हे. मर्यादित संख्येच्या गाड्या आज दर वर्षी निघतात, नंबरची पट्टी लावून विकल्या जातात आणि काही वर्षांत विसरल्याही जातात. एलएफएचं काम २००० साली सुरू झालं आणि गाडी बाजारात यायला दहा वर्षं लागली. मुख्य अभियंते हारुहिको तानाहाशी यांनी आधी अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा तयार केला होता. मग मध्येच तो सोडून कार्बन फायबरकडे वळायचं ठरलं, कारण वजन शंभरेक किलोने कमी होणार होतं. एवढ्या पुढे आलेलं काम मोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला परवानगी देणारी कंपनी आज कुठे आहे? हा हट्ट मला त्या गाडीत दिसतो, म्हणून ती मला हवी.

तुमची मतं कारणांसह लिहा. नुसतं ‘+१’ नको.

झुफेनहाउझेनकर

घाटवळण, हट्टाचाच निकष लावणार असाल तर कॅरेरा जीटीची कुळकथा ऐका. मी श्टुटगार्टजवळ राहतो, पोर्शेचं संग्रहालय घरापासून लांब नाही.

१९९१ साली पोर्शेने फूटवर्क या फॉर्म्युला वन संघाला बारा सिलिंडरचं इंजिन दिलं होतं. ते जड होतं, कमकुवत होतं, आणि हंगाम संपायच्या आत ते काढून टाकायची वेळ आली. त्या अपयशानंतर पोर्शेच्या लोकांनी गाजावाजा न करता साडेतीन लिटरचं दहा सिलिंडरचं इंजिन आखलं. ते शर्यतीत कधी उतरलंच नाही. पुढे ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीसाठी नवी गाडी करायचं ठरलं, तेव्हा तीच आखणी वाढवून साडेपाच लिटरची केली. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये ती गाडी वाइसाखच्या खासगी ट्रॅकवर दोन दिवस चालली आणि प्रकल्प बंद झाला. कंपनीला तेव्हा केयेन ही एसयूव्ही उभी करायची होती, माणसं आणि पैसा तिकडे हवा होता.

म्हणजे दोनदा बाजूला पडलेलं इंजिन. २००० च्या सप्टेंबरमध्ये पॅरिसला ते संकल्पना गाडीत बसवून लोकांसमोर आलं आणि तीन वर्षांनी रस्त्यावर. केयेनसाठी उभारलेल्या लाइपझिगच्याच कारखान्यात ही गाडी हाताने जोडली जायची. ज्या एसयूव्हीमुळे शर्यतीची गाडी बंद पडली, त्याच एसयूव्हीच्या कारखान्याने कॅरेरा जीटीला घर दिलं. शर्यतीसाठी जन्मलेलं, शर्यत न पाहिलेलं असं इंजिन रस्त्यावरच्या दुसऱ्या कुठल्या गाडीत आहे? मला तरी माहीत नाही.

गिअरच्या दांड्यावरचा लाकडी गोळा पाहिलात का? बर्च आणि अ‍ॅशच्या पातळ थरांचा. जुन्या ९१७ या शर्यतीच्या गाडीत वजन वाचवायला हलक्या लाकडाचा गोळा असायचा, त्याची ती आठवण. संग्रहालयात मी त्या गाडीच्या खिडकीपाशी बराच वेळ उभा राहतो. आत पाहण्यासारखं फार काही नाही, पण जे आहे ते चालवणाऱ्याच्या हातासाठी आहे.

मागावरचा

इचलकरंजीहून. घरात दोन पिढ्या यंत्रमाग आहेत, म्हणून एका गोष्टीवर लिहितो.

टोयोटा ही मुळात मागवाल्यांची कंपनी. साकिची तोयोदा यांनी स्वयंचलित माग केले, १९२६ साली त्यांचा कारखाना निघाला, आणि मोटारींचा व्यवसाय त्यातून पुढे आला. एलएफएमध्ये विंडस्क्रीनच्या बाजूचे खांब आणि छताच्या कडेच्या दांड्या आतून पोकळ, कार्बनच्या धाग्यांनी गोल विणलेल्या आहेत. त्यासाठी टोयोटाने गोल माग स्वतः बनवला. मधल्या साच्याभोवती धाग्यांची बॉबिनं फिरतात आणि नळीसारखं विणकाम होत जातं. वीण नीट बसतेय ना, हे पाहायला लेझर.

आमच्याकडे धागा तुटला तर माग थांबवून गाठ मारता येते. इथे गाठ चालणार नाही, कारण त्या खांबावर माणसाचा जीव आहे. आणि धागा सरळ न ठेवता तिरका विणल्याने पिळाचा ताण सहन होतो, हे कोणत्याही विणकराला पटेल. शंभर वर्षांपूर्वी कापड विणायला शिकलेल्या घराने मोटारीचा सांगाडा विणला. माझा कौल एलएफए, आणि तो डोळे झाकून.

पेटीवाली

आवाजावर अजून कोणीच बोललं नाही! मी गाणं शिकवते, गाड्यांतलं मला फार कळत नाही, पण या दोन्हींच्या ध्वनिफिती भावाने ऐकवल्यापासून मी त्या पुन्हा पुन्हा ऐकते.

थोडा हिशोब केला. अशा इंजिनात दहा सिलिंडर दोन फेऱ्यांत एकेकदा पेटतात, म्हणजे एका फेरीत पाच. एलएफएची लाल रेघ, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांची वरची मर्यादा, ९,००० ला. मिनिटाला ९,००० म्हणजे सेकंदाला १५० फेऱ्या, गुणिले पाच, ७५० हर्ट्झ. पेटीवर हा वरच्या सप्तकातल्या काळी तीनच्या किंचित वर लागतो. कॅरेरा जीटीची रेघ ८,४०० ला, म्हणजे ७०० हर्ट्झ. पांढरी चार, जवळजवळ अचूक. दोन्हींत अर्ध्या स्वराहून थोडंसंच जास्त अंतर आहे. तरीही कान एका क्षणात सांगतो की या दोन वेगळ्या गाड्या आहेत, कारण फरक मूळ स्वरात नसून त्यावर चढणाऱ्या उपस्वरांत आहे. एकाच पट्टीत लावलेले दोन तानपुरे जवारीवरून वेगळे ओळखू येतात, तसं.

एलएफएचं इंजिन यामाहाबरोबर केलेलं आहे, आणि आवाज घडवताना यामाहाच्या वाद्यं बनवणाऱ्या विभागातले लोकही कामाला होते. इंजिनात जाणारी हवा साठवणाऱ्या टाकीला कुठे फासळ्या द्यायच्या, कुठे नाही, हे आवाज ऐकून ठरवलं, आणि त्या टाकीतला आवाज नळ्यांनी थेट आत बसलेल्यांपर्यंत आणला. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. स्पीकरमधून खोटा आवाज सोडणाऱ्या आजच्या गाड्यांशी याची तुलनाच नको. इथे हवाच गाते.

झुफेनहाउझेनकर

पेटीवाली ताई, पांढरी चारचा हिशोब फारच आवडला. एक भर घालतो. कॅरेरा जीटीत इंजिन पाठीमागे आहे आणि छताच्या दोन्ही कार्बनच्या फळ्या काढून पुढच्या डिकीत ठेवता येतात. छत उघडं असताना तो स्वर नळीतून येत नाही, मागून थेट डोक्यावर येतो. फितीवर ते कळणार नाही.

आयचीवासी

मी नोकरीनिमित्त नागोयाजवळ असतो. एलएफएबद्दल बोलताना हिरोमु नारुसे यांचं नाव यायलाच हवं.

नारुसे टोयोटाचे मुख्य चाचणीचालक. मेकॅनिक म्हणून कंपनीत आले आणि गाडीला माणसासारखं ऐकणारा माणूस म्हणून नाव कमावलं. पुढे अध्यक्ष झालेल्या आकियो तोयोदा यांना गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकवरच्या चोवीस तासांच्या शर्यतीत एलएफए उतरवायचा आग्रहही याच दोघांचा. तोयोदा स्वतः ‘मोरिझो’ या नावाने शर्यतीत चालवायचे. २३ जून २०१० रोजी, गाडीचं उत्पादन सुरू व्हायला काही महिने उरलेले असताना, न्युर्बुर्गरिंगजवळच्या रस्त्यावर चाचणीची एलएफए चालवताना अपघातात नारुसे गेले. ज्या गाडीला त्यांनी वळण लावलं, ती कारखान्यातून गिऱ्हाइकाकडे जाताना त्यांना पाहता आली नाही.

मोतोमाचीत सुमारे १७० माणसं मिळून दिवसाला एक गाडी पूर्ण करायची. प्रत्येक इंजिन एकाच कारागिराने जोडायचं आणि त्यावर त्याची सही. तीच कार्यशाळा पुढे हायड्रोजनवर चालणाऱ्या मिराईसाठी वापरली गेली. हातकाम करणारी माणसं विखुरली नाहीत, यात मला फार समाधान आहे.

शेअरदलाल_नाशिक

भावना समजल्या. पण धागा संग्राहकासाठी आहे, तर पैशाचं बोलू.

कॅरेरा जीटी अमेरिकेत नवी ४ लाख ४० हजार डॉलरला होती. मुळात १,५०० करायच्या होत्या, १,२७० वर थांबल्या. २००८ च्या मंदीनंतर वापरलेली गाडी तीन-चार लाखांत मिळत होती. २०२२ च्या सुरुवातीला चांगल्या गाड्या २० लाख डॉलरच्या आसपास गेल्या. एलएफए ३ लाख ७५ हजार डॉलरला. लोक लगेच चढ्या भावाने विकतील म्हणून लेक्ससने अमेरिकेत सुरुवातीला ती दोन वर्षांच्या भाडेकरारावर दिली. भीती अनाठायी होती, कारण उत्पादन थांबून पाच वर्षं झाली तरी, २०१७ साली, अमेरिकेत बारा कोऱ्या एलएफए शोरूममध्ये पडून होत्या. आज तीच गाडी त्या मूळ किमतीत मिळणं अवघड, आणि न्युर्बुर्गरिंग पॅकेजवाली, ५७१ पीएसची, त्याहून कितीतरी वर.

संख्या कमी तर भाव जास्त, हे गणित इथे सपशेल चुकतं. अडीचपट जास्त बनलेली पोर्शे महाग आहे. तिच्या मागे शर्यतींचं नाव आहे, हाताने टाकायचे गिअर आहेत, आणि जगभर पोर्शेच गोळा करणारी मोठी जमात आहे. लेक्ससला अशी जमात नव्हती, ती आता तयार होतेय. भाव वाढायला अजून जागा कुठे आहे, असं विचाराल तर एलएफएत. पडायला जागा कुठे कमी आहे, असं विचाराल तर पोर्शेत.

पाना_पकड

मी न्यू जर्सीत अशा गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. वर कोणीच न बोललेलं बोलतो: सांभाळणं.

कॅरेरा जीटीचा क्लच सिरॅमिकचा आहे, व्यास फक्त १६९ मिलिमीटर. तो इतका लहान ठेवला म्हणून इंजिन जमिनीलगत बसवता आलं आणि गाडी वळणावर चिकटून राहते. पण याच क्लचने भल्याभल्यांची गाडी सिग्नलला बंद पडते. पद्धत अशी: निघताना अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावायचाच नाही. क्लच हळू सोडायचा, गाडीचा कॉम्प्युटर आरपीएम सांभाळतो, गाडी सरकू लागली की मग पाय. नवा मालक सवयीने रेस करून क्लच सोडतो आणि थोड्याच दिवसांत जाळतो. बदलायचा खर्च पाच आकडी डॉलरमध्ये. म्हणून घेण्याआधी क्लच किती उरलाय हे मोजून घेतल्याशिवाय व्यवहार करू नका. कमी चाललेली गाडी म्हणजे चांगला क्लच, हे अजिबात खरं नाही. पार्किंगमध्ये मागे-पुढे करूनही तो संपतो.

दुसरं, स्थैर्य सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था या गाडीत नाही. घसरण रोखणारी ट्रॅक्शन कंट्रोल आणि एबीएस आहे, बाकी तुमचे हात. ३० नोव्हेंबर २०१३ ला अभिनेता पॉल वॉकर ज्या अपघातात गेले ती कॅरेरा जीटी होती. ते शेजारच्या सीटवर होते. तपासात अपघाताचं कारण अतिवेग निघालं, आणि गाडीचे टायर नऊ वर्षं जुने होते हेही नोंदलं गेलं. टायरवर नक्षी कितीही शिल्लक दिसो, रबर म्हातारं झालेलं असतं. आमच्याकडे गाडी आली की मी आधी टायरच्या बाजूवरचा उत्पादनाचा आठवडा वाचतो, मग बाकीचं.

तिसरं, २०२३ मध्ये पोर्शेने अमेरिकेतल्या ४८९ कॅरेरा जीटींच्या मालकांना गाडी चालवूच नका असं कळवलं. सस्पेन्शनच्या सांध्यांना काळाने आणि गंजाने चिरा जाण्याचा धोका होता. घेताना ते काम झालंय का, कागद मागा.

एलएफएत गिअर कॉम्प्युटर टाकतो, त्यामुळे क्लचवर शिकाऊ पायाचा अत्याचार होत नाही. इंजिन तर मी पाहिलेल्या इंजिनांत सगळ्यात कमी कुरकुर करणारं. पण पॅनलला मार लागला तर पत्र्यासारखं ठोकून काढता येत नाही, आणि पाचशेच गाड्या असल्याने भंगारातून सुटा भाग मिळायची शक्यता नाहीच.

तळेगावचा_तन्मय

वाचतोय, भारी धागा. एक बाळबोध प्रश्न. यातली एखादी पुण्यात आणता येईल का? म्हणजे पैसे आहेत असं धरून.

घाटवळण

तन्मय, विकत घेऊन पासिंग करायला, नाही. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी नको आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं. कॅरेरा जीटी सगळ्याच डाव्या स्टिअरिंगच्या बनल्या. जपानमध्ये उजव्या स्टिअरिंगच्या एलएफए आहेत, पण वयाची अट आडवी येते. परदेशात नोंदलेली गाडी कार्ने (तात्पुरत्या आयातीचा कागद) काढून काही महिन्यांसाठी आणता येते, ती परत न्यावी लागते. त्यामुळे हा धागा खरं तर बाहेर स्थायिक झालेल्या आपल्या लोकांच्या कामाचा. आपण अभ्यास करू.

पाना पकड, तुमच्या प्रतिसादाने माझी बाजू बळकट झाली असं मी म्हणेन. संग्राहकाला महिन्यातून एखाद्या रविवारी गाडी काढायची असते. त्याला क्लच जळायची धास्ती का हवी?

पाना_पकड

नेमका उलटा अर्थ काढलात, घाटवळण!

एलएफएचा गिअरबॉक्स एका क्लचचा. गिअर बदलायला सेकंदाचा पाचवा भाग. तेव्हाही दोन क्लचचे याहून जलद गिअरबॉक्स होते. टोयोटाने गिअर पडल्याचा धक्का जाणवावा म्हणून हा ठेवला. त्यांचं कारण मला मान्य आहे, पण आज चालवताना गाडीच्या वयाची जाणीव तिथेच होते. हळू चाललात तर मान डोलते. हाताने टाकायच्या गिअरचं असं होत नाही. तो २००३ मध्ये जसा होता तसाच २०४० मध्येही असेल, त्याला जुनं करणारं तंत्रज्ञान निघायचं नाही. पंचवीस वर्षं ठेवायचीय ना? मग जी गोष्ट शिळी होत नाही ती ठेवा.

आणि कंपनी पाठीशी किती उभी राहते ते बघा. मिशलिनने या गाडीसाठी नव्या रबराचे टायर काढले. २०२४ मध्ये ते घालून पोर्शेचे चालक यॉर्ग बर्गमाइस्टर यांनी न्युर्बुर्गरिंगला ७ मिनिटं १२.६९ सेकंदांत फेरी मारली. पोर्शेचे चाचणीचालक वाल्टर र्योर्ल यांनी गाडी नवी असताना लावलेल्या वेळेहून पंधरा सेकंदांपेक्षा जास्त कमी. इंजिन तेच, फक्त रबर नवं. अठरा वर्षांपूर्वी बंद केलेल्या गाडीसाठी एवढं कोण करतं?

आयचीवासी

टायरचा मुद्दा बिनतोड आहे. तरी एलएफएच्या बाजूने एक सांगतो. गाडी उभी असताना संथ फिरणारं इंजिन तिथून ९,००० फेऱ्यांना ०.६ सेकंदात पोचतं. फेऱ्या दाखवणारा सुईचा टॅकोमीटर त्याला पुरा पडेना म्हणून त्या काळात पडद्यावरचा काटा द्यावा लागला. पाना पकड म्हणतात तो गिअरबॉक्स हळू चालवताना डोलतो, कबूल. पण ही गाडी पाच हजारांच्या वर ठेवून बघा. तिथे गिअरबॉक्स, इंजिन आणि आवाज एकत्र येतात आणि शिळं काही उरत नाही.

शेअरदलाल_नाशिक

आयचीवासी, पाच हजारांच्या वर ठेवायला मालकाने ती चालवली पाहिजे. इथेच खरी अडचण आहे. लिलावात सर्वाधिक बोली कमी किलोमीटरच्या गाडीला लागते, त्यामुळे मालक ती झाकून ठेवतात. इंजिनाचे सील वाळतात, टायर कडक होतात, आणि पुढचा खरेदीदार त्याचे जास्त पैसे मोजतो. हा व्यवहार मला धंद्यातला असूनही पटत नाही.

पाना_पकड

म्हणूनच कोणी सल्ला विचारला तर मी मध्यम किलोमीटरची, दर वर्षी थोडी थोडी चाललेली, सगळ्या नोंदी असलेली गाडी सुचवतो. कॅरेरा जीटी असेल तर क्लचचं मोजमाप, सस्पेन्शनच्या कामाचा कागद आणि टायरची तारीख. सोबत आलेल्या मूळ बॅगा आणि दोन्ही किल्ल्या आहेत ना, तेही पाहा. एलएफए असेल तर कार्बनच्या पॅनलवर रंग पुन्हा मारलाय का हे जाणकाराकडून तपासून घ्या, आणि खालचा भाग उचलून बघा. चढावर घासलेली गाडी वरून चकचकीतच दिसते.

पेटीवाली

मी माझं मत नोंदवून ठेवते: एलएफए. भाऊ कॅरेरा जीटीवाला आहे, त्यालाही इथे लिहायला सांगितलंय. झुफेनहाउझेनकर, छत उघडून चालवतानाचं चांगलं ध्वनिमुद्रण कुठे असेल तर नक्की कळवा. पांढरी चार उघड्या हवेत कशी लागते, ते मला ऐकायचंय.